खाडीची चतुःसीमा

आधी आबांचं सांगते, मग बाकीचं. शिरपुरात मी ज्यांच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहते, ते हे आबा. भूमी अभिलेख खात्यात त्यांची सगळी नोकरी शेतं मोजण्यात गेली. धुळ्यापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत कुठल्या बांधावरून कोणाचं कोणाशी वाकडं आहे, हे त्यांना अजून तोंडपाठ आहे. माझ्या गावची खाडी आज जशी आहे तशी कागदावर आली ती त्यांच्यामुळे. मध्ये माझ्या हातून एक चूक झाली होती, ती मी कबूल केली तीही त्यांच्यामुळेच. लिहिता लिहिता कुठे काही जास्तीचं श्रेय माझ्याकडे आलं, तर वाचणाऱ्याने ते आबांकडे वळवावं.

मी कोकणातली. आमचं गाव खाडीच्या तोंडाशी. सातवीपर्यंत शाळा गावात होती, आठवीला होडीने पलीकडे जावं लागायचं, आणि त्याच वर्षी आईच्या कमरेने दगा दिला. मग मी दप्तर ठेवलं आणि टोपली घेतली. ओहोटी लागली की आईबरोबर चिखलात उतरायचं आणि तिसऱ्या गोळा करायच्या. तिसऱ्या म्हणजे चिखलात राहणारे छोटे शिंपले. बोटाच्या पेरापेक्षा लहान तिसरी टोपलीत आली की आई ती परत चिखलात दाबायची आणि माझ्या हातावर चापट मारायची. पुढे एका खानावळवाल्या ठेकेदाराकडे स्वयंपाकाला लागले. त्याला शिरपूरच्या एका वसतिगृहाचा ठेका मिळाला, तेव्हा त्याने आम्हा तिघींना इकडे आणलं. दोघी वर्षाच्या आत परत गेल्या. मी राहिले. नऊ वर्षं झाली.

इथल्या माणसांबद्दल माझी तक्रार नाही. पहिल्या वर्षी मला ताप आला तेव्हा शेजारच्या बायका आळीपाळीने कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी घेऊन आल्या होत्या. पण एकटेपण माणसांच्या चांगुलपणाने जात नाही, हे मला इथे कळलं. इथे वाळत घातलेलं लुगडं अर्ध्या तासात कडक होतं. अंगाला मिठाचा चिकटा नाही. दुपारी वारा सुटतो तो कापसाच्या शेतांवरून येतो, त्याला कसलाच वास नसतो. सुरुवातीला मी भात लावताना उगाच खिडकीकडे बघायची. पाणी चढलं की उतरलं, हे बघायची सवय. खिडकीतून दिसायची ती समोरच्या घराची भिंत. दिवस कुठवर आला हे मला घड्याळात बघावं लागायचं, आणि त्याचंच कधीकधी रडू यायचं.

दुपारची पंगत उठली की मी आबांना डबा नेऊन द्यायची. ते एकटेच असतात, मुलं पुण्याला. एका दुपारी डब्याबरोबर फोनही पुढे केला.

"आबा, हे जरा वाचून सांगता का? मला सातवीपर्यंतचं मराठी येतं. हे त्याच्या पुढचं दिसतंय."

गावाच्या सरपंच बाईने ती नोटीस पाठवली होती. सरपंच म्हणजे शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसणारी पोरगी, आता गाव चालवते. खाडीच्या उत्तरेकडचं खाजण, म्हणजे भरतीला बुडणारी आणि ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची जागा, भराव घालून सपाट करायची होती. तिथे मालाचा धक्का आणि गोदामं होणार होती. हरकती असतील तर सुनावणीत मांडा, असं लिहिलं होतं.

आबांनी दोनदा वाचलं. मग बोट एका ओळीवर ठेवलं. "यात तुमच्या जागेला 'वापरात नसलेली दलदल' म्हटलंय. खरंच कोणी वापरत नाही?"

"आबा, अर्ध्या गावाच्या चुली त्यावर पेटतात. तिवरांच्या मुळांत माशांची पिल्लं वाढतात. तिवर म्हणजे खाऱ्या पाण्यातली झाडं. ती तोडली तर उधाणाचं पाणी सरळ भातात. आताच बांध फुटून दोन शेतं खारी झालीत, असं आई सांगते."

"मला सांगून काय उपयोग? मी काय कलेक्टर शे का?" आबा कामाचं बोलताना कचेरीतली मराठी बोलतात. चेष्टेत किंवा मायेत आले की घरची भाषा येते. "हरकत तोंडी नका घेऊ. कोण, कुठे, किती, हे कागदावर दाखवा. नकाशा आहे का?"

नकाशा नव्हता. सरकारी नकाशात त्या जागी नुसता निळा-करडा पट्टा होता, त्यावर एकही नाव नाही. सरपंच फोनवर म्हणाली, "तू किती वर्षं उतरायचीस त्यात! तूच काढ की. आमच्याकडे कोणाला वेळ हाय?"

आबांनी माळ्यावरून लाकडी फळा खाली काढला, ज्यावर कागद ताणून ते शेतात नकाशे काढायचे. तो ओट्यावर मांडला, पेन्सिलीला टोक केलं आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"चतुःसीमा सांगा. पूर्वेला कोण?"

"पूर्वेला खाडीच. आत आत जाते."

"दक्षिणेला?"

"खाडीच. पलीकडे दुसरं गाव."

"पश्चिमेला?"

"समुद्र."

आबांनी पेन्सिल ठेवली. "लगतच्या कब्जेदाराला नोटीस द्यावी लागते, सही घ्यावी लागते. समुद्राची सही कोण आणीन?"

मी हसले. कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसले असेन, कारण समोरच्या दारातून एक बाई बघायला बाहेर आली.

पाच दुपारी आम्ही बसलो. मी सांगायची, ते काढायचे. खाडीच्या तोंडाशी मोठी पुळण, ओहोटीला बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखी वर येणारी वाळू. तिच्या आडोशाला तिसऱ्यांची सगळ्यात मोठी जागा. मग तिवरांची रांग. मग काळे खडक, त्यांना चिकटलेले कालवांचे शिंपले.

"पुळणीपासून तिवर किती लांब?"

"आईने हाक मारली तर ऐकू येते, पण काय म्हणाली ते कळत नाही. इतकं."

"हे माप आमच्या खात्यात नव्हतं," आबा म्हणाले आणि तरीही काहीतरी हिशेब करून रेघ ओढली. भरतीचा एक नकाशा, ओहोटीचा एक. त्यांना एकच जमीन दोनदा काढायची गंमत वाटत होती. मला तर काय, त्या पाच दुपारी मी शिरपुरात नव्हतेच. माझ्या पायाच्या बोटांमध्ये चिखल होता.

नकाशाचा फोटो मी सरपंचाला पाठवला. तिने तो हरकतीच्या अर्जाला जोडला, अर्जात "मोठ्या पुळणीमागील तिसऱ्यांचे क्षेत्र" असं पहिल्याच ओळीत टाईप करून घेतलं आणि गावाच्या ग्रुपवर टाकलं. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. कोणी विरोधात बोललं नाही, कारण कोणी नीट बघितलंच नव्हतं. मी मात्र हवेत होते. संध्याकाळी आईला फोन केला आणि नकाशा वाचून दाखवला, जशी लहानपणी धडा वाचून दाखवायची.

मोठ्या पुळणीशी आले तशी आई मध्येच म्हणाली, "थांब."

"आये?"

"मोठी पुळण कुठली गो?"

"आपली. तोंडाशी. जिथे तू मला पहिल्यांदा..."

"ती गेली. तिथं आता होड्या फिरतात. दोन वादळं झाली नाय काय, त्यात अर्धी गेली. उरलेली पाण्याने खाल्ली. आता ओहोटीला पण पाणी उतरत नाय तिथं."

"मग तिसऱ्या?"

"तिथं नाय आता. थोड्या आत सरकल्यात. तू बघितलं नाय काय, शिमग्याला आलीस तेव्हा?"

नव्हतं बघितलं. नऊ वर्षांत मी सहा वेळा घरी गेले. दरवेळी आईने मला पाहुणीसारखं बसवलं. चांगलं लुगडं नेसून आलीस, चिखलात कशाला उतरतेस, बस, चार घास खा. आणि मीही बसले. पडवीतून भरतीचं पाणी दिसायचं आणि भरतीला सगळं पूर्वीसारखंच दिसतं. पाण्याखाली काय उरलंय ते बघायला उतरावं लागतं. मी उतरले नाही आणि तरी अख्ख्या गावाच्या नावाने सांगून बसले.

सरपंचाला लगेच सांगितलं. तिने आधी सुनावणीची तारीख काढून बघितली. मग म्हणाली, "राहू दे. तुझ्या नकाशात जागा मोठी दिसते, ते बरंच आहे. खरं दाखवलं तर ते म्हणतील, अर्धी खाडी आपोआपच गेली, उरलेली भरली तर काय बिघडलं? सुनावणीला सहा दिवस राहिलेत. आता घोळ घालू नकोस."

तिचंही खोटं नव्हतं. गावाचं सगळं त्या एका कागदावर होतं. सुनावणीत हरकत फेटाळली तर भराव येणार, तिवरं जाणार, आणि माझी आई साठीत कुठे उतरणार होती? तो कागद कमजोर करणारी मी कोण, असं वाटलं. आणि तो खोटा ठेवणारी तरी कोण? पोळ्या लाटताना दोन करपवल्या. वसतिगृहातली मुलं म्हणाली, "मावशी, आज लक्ष कुठे?" दुसऱ्या दिवशी आबांना डबा दिला आणि तशीच उभी राहिले.

"काय व्हयनं?"

सांगितलं. सांगता सांगता पदर डोळ्यांना लावला. आबा रागावले नाहीत, याचंच मला जास्त झालं.

"रडस कसाले? पेन्सिल शे ना? मंग खोडरबर बी शे." मग त्यांनी कचेरीतला आवाज काढला. "बसा. तापीकाठची मळई माहीत आहे? पूर ओसरला की गाळाची नवी जमीन पडते ती. कधी इकडे पडते, कधी तिकडे. दर वर्षी नव्याने मोजावी लागते. एका वर्षी उन्हाचा कंटाळा केला मी. नदीत उतरलोच नाही. मागच्या वर्षीचा कागद समोर ठेवला आणि तोच उतरवून दिला. पुढच्या पंधरवड्यात वरचे साहेब जागेवर आले. मी जिथे जमीन दाखवली होती तिथे कमरेइतकं पाणी. ज्या माणसाचा हक्क खरा होता, त्याचाही अर्ज माझ्या कागदाबरोबर फेकला गेला. तो माणूस नंतर मला बाजारात भेटायचा. नुसता रामराम करायचा."

आबांनी डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं. "तुमच्याकडे साहेब आला आणि पुळण दाखवा म्हणाला, तर काय दाखवाल?"

मी तिथूनच सरपंचाला फोन लावला आणि आबांच्या हातात दिला. ते काय बोलले ते अर्धंच कळलं, कारण मी आत पाणी प्यायला गेले होते. बाहेर आले तेव्हा आबा म्हणत होते, "हो ताई. गेली ती गेली असंच लिहा. कधी गेली, कशाने गेली, तेही लिहा. पाणी वाढतंय हा तुमच्या बाजूचाच मुद्दा आहे. राहिलंय ते किती थोडं आहे, ते दिसू द्या."

मोजायचं कोणी, हा प्रश्न होता. मला सुट्टी नव्हती, परीक्षा तोंडावर, आणि निघाले असते तरी दोन दिवस जाण्यातच गेले असते. आई म्हणाली, "मी उतरते. रोज उतरतेच की."

भिंतीवरच्या कालनिर्णयाची तिथी बघून वेळ मी काढली. आमच्याकडे पौर्णिमेला आणि अवसेला ओहोटी सहाच्या सुमाराला पूर्ण लागते, आणि रोज घड्याळ थोडं पुढे सरकतं. माघातली त्रयोदशी, म्हणजे दुपारी साडेचारच्या आसपास. आबांना हे फार आवडलं. "म्हणजे तू इथे बसून सांगू शकतेस, तिथे आता पाणी किती?" असं त्यांनी तीनदा विचारलं.

त्रयोदशीला चार वाजता आम्ही ओट्यावर बसलो. फळ्यावर कोरा कागद. फोन मधोमध, आवाज मोठा केलेला. तिकडे आईने फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात बांधला होता. आबांनी आधी तिला दहा पावलं चालून ती हाताने मोजायला लावली.

"कोपरापासून बोटापर्यंत एक हात. दहा पावलांत किती हात भरले?"

"बारा. सुक्यात. चिखलात कमी पडतील. हे कोण बोलतंय गो?"

"आबा. सांगितलं ना तुला."

"बरं बरं. आबा, जेवलात काय?"

"जेवलो अक्का. तुमच्या पोरीच्या हातचंच. आता देवळाजवळच्या बांधापासून निघा. ऊन कुठल्या गालावर लागतंय ते सांगत राहा."

मला आधी कळलं नाही. मग बघितलं, ते घड्याळ बघत होते आणि सूर्य आता कुठे असेल ते कागदाच्या कडेला मांडत होते. आई म्हणाली डाव्या गालावर, की त्यांची पट्टी एका बाजूला फिरायची. आई म्हणाली पाठीवर, की दुसरीकडे. आणि मध्ये आईची मोजणी. "तेवीस... चोवीस... इथं मऊ हाय... पंचवीस." प्रत्येक पावलाला चिखल पाय सोडताना जो आवाज करतो, तो येत होता. मी नऊ वर्षांत तो ऐकला नव्हता. समोर शिरपूरची गल्ली, कापसाच्या गाठी भरलेला एक ट्रक वळण घेत होता आणि ओट्यावरच्या त्या फोनमधून माझ्या आईचा पाय चिखलातून निघत होता. मला तिथे असायला हवं होतं. तिच्या पुढे चालून, कुठे मऊ आहे ते मी सांगायला हवं होतं.

"एकशे बारा... एकशे..."

आणि मोजणी थांबली.

"आये?"

नुसता वारा. आबांची पेन्सिल तशीच वर राहिली.

"आये! बोल ना गं!"

पाण्याचा आवाज आला, मग काहीच नाही. माझ्या डोळ्यांपुढे नको ते येऊन गेलं. तिची कंबर, तिचं वय, ऐन उधाणाचे दिवस, आणि पाणी परत फिरलं की किती भरकन चढतं ते. मी पाठवलं तिला. माझ्या चुकीपायी ती एकटी भर खाजणात होती आणि मी सहाशे-सातशे किलोमीटरवर ओट्यावर बसून हाका मारत होते. आबांनी माझ्या हातावर हात ठेवला.

मग तिकडून एकदम स्वच्छ आवाज आला. "काय गो ओरडतेस? तिसऱ्या दिसल्या इथं. एवढ्या दिसल्या तर सोडू काय? टोपलीत घेतल्या. किती झाली पावलं? विसरले मी."

आबा आधी हसले. मी नंतर. डोळे पुसून म्हटलं, "एकशे बारा, आये."

"मग इथंच खूण कर. इथं भरपूर हाय. बारकी पिल्लं पण हायत."

आबांनी त्या जागी गोल काढला. मग ते मागे झाले आणि नोटिशीतला भरावाचा नकाशा शेजारी ठेवून बघत राहिले. तो गोल सगळाच्या सगळा भरावाच्या आत येत होता.

नवा नकाशा जुन्यापेक्षा गरीब दिसत होता. मोठ्या पुळणीच्या जागी आबांनी तुटक रेघ मारली आणि त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलं, "पूर्वी येथे पुळण होती. सध्या ओहोटीसही पाणी." तिसऱ्यांची एकच जागा उरली होती. सरपंचाने जुना अर्ज मागे घेतला, नवा दिला.

सुनावणीला मी नव्हते. सरपंचाने नंतर सांगितलं. समोरच्या बाजूच्या माणसाने विचारलं, हा नकाशा कोणी काढला? आईने उभं राहून सांगितलं, "शिरपूरच्या आबांनी. ते इथं कधी आले नाहीत." सगळे हसले. अधिकाऱ्यालाही हसू आलं. पण मग त्याने आईलाच विचारलं, मोठी जागा गेली हे तुम्ही स्वतःहून का लिहिलंत? आई म्हणाली, "गेली ती. तुम्ही उतरलात तर तुम्हाला पण दिसेल. मग उरलेली तरी दिसेल."

पुढच्या उधाणाला सरकारी माणसं खरंच उतरली. ओहोटीच्या वेळी, गमबूट घालून, तोच कागद हातात धरून. तिसऱ्या होत्या, तिथेच. पाहणीच्या कागदात "वापरात नसलेली" हे शब्द आता नाहीत. निर्णय मात्र झालेला नाही. भराव थांबला आहे, एवढंच आज सांगता येतं. उद्या काय, हे मला माहीत नाही, आणि फोन वाजला की अजून हातातलं लाटणं टाकून धावते.

आबांचे मी एकदाच आभार मानायला गेले. ते म्हणाले, "मोजणी तुनी मायनी करी. मी रेघा मारल्या." आणि डबा मागितला.

पण खाजण थांबत नाही. ते दर वर्षी सरकणार, पाणी दर वर्षी थोडं वर येणार, आणि दर वर्षी कोणीतरी उतरून ते नव्याने मोजलं नाही तर हा कागदही खोटा ठरणार. ते काम आईच्या कमरेवर टाकायचं नाही, एवढं मी ठरवलं आहे. इथलं काम सोडून जाता येईल असा दिवस कधी येईल, ते आज सांगता येत नाही. पण तो आला की मी स्वतः खाजणात उतरेन, पाऊल न पाऊल मोजेन, कोणाचं ऐकून नाही आणि आठवून तर नाहीच. आणि तो नकाशा घेऊन आधी शिरपूरला येईन. आबा, तुम्ही तो तपासायचा आणि चुका काढायच्या. तुमचं देणं मी असंच फेडणार आहे. तोवर तब्येतीला जपा.